ताईचा तिसरा चेक

चेक, म्हणजे वैमानिकाची परीक्षा, म्हटला की माझ्या ताईचं डोकं बंद पडतं आणि ते बघून माझं डोकं फिरतं. गेली बावीस वर्षं आमचं असंच चाललंय. बाहेरच्या माणसाला वाटेल, हिला विमान चालवता येत नसणार. तसं असतं तर मी कधीच गप्प बसलो असतो. पण तिच्याइतकं चांगलं ढगात विमान चालवणारं आमच्या विमानतळावर दुसरं कोणी नाही, आणि हे सगळ्यांना माहीत असून दर सहा महिन्यांनी तिला ते नव्याने सिद्ध करायला लागतं. आणि नेमकं तेव्हाच बाईसाहेबांचे हातपाय गळतात.

ताई सत्तेचाळीस वर्षांची. सुरुवातीला विमानतळाच्या हवामान कचेरीत कारकून होती. दिवसभर ढगांची उंची लिहून काढायची आणि संध्याकाळी उरलेल्या वेळात विमान शिकायची. आता ती एका इंजिनाचं छोटं विमान चालवते. मागच्या चार सीटपैकी तीन काढून टाकल्यात. तिथे औषधांचे खोके आणि टपालाच्या पिशव्या जातात, डोंगरापलीकडच्या गावांना. त्या डोंगरांवर वर्षातले आठ महिने ढग मुक्कामाला असतात. मी त्याच हँगरमध्ये विमानातली उपकरणं दुरुस्त करतो. म्हणजे तिच्या समोर ज्या तबकड्या असतात, त्यांचे काटे खरं बोलतात की नाही, हे बघणं माझं काम. मी बेचाळीस वर्षांचा आहे, वजन नव्वद किलो, तरी ती मला अजून बारक्याच म्हणते.

ढगात शिरलं की काचेबाहेर नुसता पांढरा पडदा. वर कुठे, खाली कुठे, काही कळत नाही. कान सांगतात आपण सरळ चाललोय, आणि विमान तर एका अंगाला कललेलं असतं. तेव्हा कानांचं ऐकायचं नाही, समोरच्या तबकड्यांचं ऐकायचं. त्यातही एकाच तबकडीकडे टक लावून चालत नाही. नजर फिरती ठेवायला लागते: होरायझन, उंची, वेग, दिशा, परत होरायझन. होरायझन म्हणजे मधली मोठी तबकडी, जिच्यात निळं आभाळ आणि तपकिरी जमीन रंगवलेली असते. ही फिरती नजर सरावाने टिकते. महिनाभर सोडलं तर गंज चढतो. म्हणूनच दर सहा महिन्यांनी परीक्षक शेजारी बसून चेक घेतो.

आता ताईची गोष्ट अशी, की एकटी असताना ती बोलते. मोठ्याने. "पंचावन्नशे... ठीक. वेग ठीक. अगं कललीस कुठे, सरळ हो. दिशा दोनशे दहा, शाबास." तबकड्यांना ती उनाड पोरांना दटावावं तसं दटावते, आणि त्या बोलण्याच्या तालावर तिची नजर फिरते. मी दोनदा तिच्याबरोबर गेलोय, हसून हसून पोट दुखलं. पण विमान कसं रेघ मारल्यासारखं चालत होतं! फार पूर्वी, अगदी पहिल्या की दुसऱ्या चेकला, एका म्हाताऱ्या परीक्षकाने तिला विचारलं होतं, "बाई, तोंड बंद ठेवून चालवता येत नाही का?" तो माणूस कधीच निवृत्त होऊन गेला. पण ताईने ते वाक्य गाठीला बांधलं. त्या दिवसापासून चेकला ती तोंडातून चकार शब्द काढत नाही. तोंड बंद झालं की नजर अडकते, आणि अडकते ती परीक्षकाच्या पेनावर.

सध्याच्या परीक्षकाला आम्ही फूटपट्टी म्हणतो. उंच, सडपातळ, खिशात खरोखरच स्टीलची छोटी पट्टी असते नकाशावर ठेवायला. माणूस वाईट नाही, हे मला रागाच्या भरातसुद्धा कबूल करावं लागतं. पण त्याला सारखं काहीतरी लिहायची सवय. त्याने पेन टेकवलं की ताईला वाटतं, चुकलं. काय चुकलं ते शोधण्यात ती इतकी गुंतते की खरोखर चुकते. या खेपेच्या पहिल्या चेकला, सहा आठवड्यांपूर्वी, असंच झालं. त्याने काहीतरी टिपलं, ती विचार करत बसली आणि विमान दोनशे फूट वर गेलं. नापास. नंतर कळलं, तो वाऱ्याचा वेग लिहीत होता! दुसऱ्या चेकला धावपट्टीकडे उतरताना, ज्या उंचीच्या खाली जायचंच नाही त्याच्या ऐंशी फूट खाली गेली. पुन्हा नापास.

तिसऱ्यांदा नापास झालं तर ढगात उडायचा परवानाच जातो. मग पहिल्यापासून कोर्स, आठ महिने. डोंगरांकडे ढगात शिरल्याशिवाय जाताच येत नाही, त्यामुळे तिचं काम दुसऱ्याकडे जाणार, आणि एकदा गेलेलं काम परत मिळायचं नाही. विमानाच्या मालकांनी दुसऱ्या एका वैमानिकाशी बोलणंसुद्धा सुरू केलं होतं. तिच्या परवान्याची मुदत शुक्रवारी संपत होती. चेक होता गुरुवारी.

त्या चेकच्या आधीच्या पंधरा दिवसांत आमच्या घरात जे चाललं होतं ते आठवलं तरी मला घाम फुटतो. रोज सकाळी ती फ्लाइंग स्कूलच्या कोपऱ्यातल्या जुन्या सिम्युलेटरमध्ये तासभर बसायची. तिथे तिचं एकही चुकत नव्हतं, कारण तिथे ती बडबडायची. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तबकड्यांचं पुठ्ठ्याचं पॅनेल मांडून सराव. मी कंट्रोलर, म्हणजे जमिनीवरून रेडिओवर सूचना देणारा. भाओजी, म्हणजे ताईचे यजमान, परीक्षक. भाओजी दातांच्या कवळ्या बनवतात, अतिशय शांत माणूस. ते हातात पेन घेऊन तिच्या शेजारी बसायचे आणि मधेच एक टिंब काढायचे.

"काय लिहिलंत?" ताई लगेच विचारायची.

"काही नाही गं. टिंब काढलं."

"कशाबद्दल?"

"अगं, नुसतं टिंब आहे ते!"

"कारण असल्याशिवाय कोणी टिंब काढतं का?"

मग मी वैतागायचो. "ताई, तू त्या कागदाकडे बघायचंच नाहीस! किती वेळा सांगू? उंची बघ, उंची! तिकडे तुझं विमान डोंगरात घुसलं असेल एव्हाना."

"ओरडू नकोस बारक्या."

"ओरडू नको तर काय करू? आरती ओवाळू? सगळ्या विमानतळाला माहितेय तुला येतं. तुझं तुलाच माहीत नाही!"

भाओजी पेन खाली ठेवायचे आणि उठून भांडी घासायला लागायचे. ताई पुठ्ठ्याकडे बघत बसायची. मला वाटायचं, हिला गदागदा हलवावं. दुसऱ्या क्षणी स्वतःची लाज वाटायची, पण ती लाज मी कधी बोलून दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडायचो.

बुधवारी ताई हँगरमध्ये आली. मी तिच्याच विमानाचा रेडिओ बघत होतो. त्यात अधूनमधून खरखर येत होती. ती म्हणाली, "उद्या तू मागच्या सीटवर बस ना. रेडिओ ऐकायला म्हणून. तू मागे असलास की मला बरं वाटतं." मला इतकं भरून आलं की मी काहीतरी तिरकस बोलून विषय बदलला. फूटपट्टीने परवानगी दिली, पण एका अटीवर. "तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही. मागून कुणी काही सुचवलं तर चेक तिथेच संपला आणि त्या नापास." मी मान डोलावली.

गुरुवारी सकाळी ढग अगदी छताला टेकल्यासारखे खाली आले होते. ताईचा चेहरा पांढराफटक. पट्ट्याची कडी तिने दोनदा चुकवली आणि मी मागे बसून दात आवळत होतो. विमान निघालं, मिनिटाभरात पांढऱ्या पडद्यात शिरलं. फूटपट्टी शेजारी, मांडीवर फाइल, हातात पेन. ताई गप्प. अगदी चेकसारखी गप्प.

सुरुवातीचा भाग बरा गेला. एकदा उंची पन्नास फूट सरकली, तिने ती परत आणली. फूटपट्टीने काहीतरी लिहिलं. तिची मान किंचित तिकडे वळली. मी मनातल्या मनात ओरडत होतो: बघू नकोस, बघू नकोस, समोर बघ.

आणि तेव्हा माझी नजर पॅनेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या एका छोट्या तबकडीवर गेली. तिच्याकडे वैमानिक क्वचित बघतात. आमच्यासारखे दुरुस्तीवाले मात्र बसल्या बसल्या आधी तीच बघतात. इंजिनाला एक छोटा पंप जोडलेला असतो. तो हवा खेचतो आणि त्या हवेच्या जोरावर होरायझनच्या आतलं चाक फिरतं. पंप चालू आहे की नाही, हे ती छोटी तबकडी सांगते. तिचा काटा शून्यावर होता. पंप बंद पडला होता. हे पंप कुठलीही खूण न दाखवता जातात. आठवड्यापूर्वी मीच तो तपासला होता आणि ठीक असल्याची सही केली होती.

पंप गेला तरी होरायझन लगेच पडत नाही. आतलं चाक जोरात फिरत असतं, ते हळूहळू मंदावतं. मग होरायझन एका बाजूला कलायला लागतो, इतका सावकाश की बघणाऱ्याला ते विमानच कललंय असं वाटतं. त्याला सरळ करायला जावं तर चांगलं चाललेलं विमान उलट्या बाजूला वाकडं होत जातं. ढगात माणसं मरतात ती अशी. वळणाचा काटा विजेवर आणि होकायंत्र चुंबकावर चालतं, ते दोन्ही खरंच सांगत राहतात. मला हे सगळं पाठ आहे. हाच माझा धंदा आहे.

आणि मी गप्प बसलो.

घड्याळात दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. बोललो असतो तर चेक गेला, परवाना गेला, काम गेलं. मी स्वतःला सांगितलं, फूटपट्टीच्या लक्षात येईल. तो तर फाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मग सांगितलं, अजून वेळ आहे, होरायझन अजून सरळ आहे. मग सांगितलं, अजून थोडा वेळ. दोन्ही हातांनी मी सीटची कड घट्ट धरून ठेवली होती. होरायझनमधली तपकिरी जमीन केसभर डावीकडे कलली. मग बोटभर.

अचानक हेडफोनमध्ये ताईचा आवाज आला. मोठ्याने. "उंची चार हजार, ठीक. वेग ठीक. वळणाचा काटा सरळ. मग तू कशाला वाकडा रे? वळणाचा काटा सरळ, होकायंत्र हलत नाही. खोटं बोलतोयस तू."

फूटपट्टीने मान वर केली. त्याच्या खिशात रबराची एक गोल टोपी असते. चेकच्या शेवटच्या भागात तो ती होरायझनवर चिकटवतो, तो बिघडला असं समजायला लावण्यासाठी.

"तुमची ती टोपी द्या इकडे," ताई म्हणाली.

"मी अजून ते सुरू केलेलं नाही."

"माहितेय मला. खरंच गेलाय तो. पंप शून्य आहे, बघा कोपऱ्यात. टोपी द्या लवकर, नाहीतर नजर तिकडेच जाते."

त्याने बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. टोपी त्याने स्वतःच चिकटवली. "मी घेऊ का विमान?"

"नको. तुम्ही उंची वाचा. मोठ्याने वाचत राहा."

आणि फूटपट्टी उंची वाचायला लागला! "चार हजार. तीन हजार नऊशे ऐंशी. चार हजार." ताई कंट्रोलरशी बोलली, बिघाड सांगितला. दिशेची तबकडीही त्याच पंपावर चालते, तीही गेली होती, आणि होकायंत्र वळताना नीट दाखवत नाही. मग कंट्रोलर रडारवर बघून सांगायला लागला, आता वळा, आता थांबा. ती वळत होती, थांबत होती आणि मधेच उरलेल्या काट्यांना दटावत होती. आवाजात भीती नावालासुद्धा नव्हती. मी तिला इतकं मोकळं कधी बघितलं नव्हतं. तीनशे फुटांवर ढग संपले आणि धावपट्टीचे दिवे नाकासमोर आले, जराही डावी-उजवीकडे नाही. चाकं टेकली तरी फूटपट्टी उंचीच वाचत होता.

हँगरसमोर उतरल्यावर त्याने फाइल बंद केली. "बाई, वीस वर्षांत मी याहून चांगलं उतरणं बघितलेलं नाही," तो म्हणाला. "पण हा चेक धरता येणार नाही. विमान बिघडलं की चेक रद्द. तुम्ही नापास नाही, पण पासही नाही. उद्या सकाळी आठला, दुसऱ्या विमानात, सगळं पहिल्यापासून."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पंधरा दिवसांचं सगळं साठलेलं एकदम बाहेर आलं. "पहिल्यापासून? साहेब, तुम्ही माणूस आहात की काय आहात? खरा होरायझन गेला तरी हिने विमान आणलं, आणि तुम्हाला खोट्या टोपीचा चेक हवाय? दहा पन्नासला काटा शून्यावर गेला होता! तुमचं लक्ष फाइलमध्ये! पूर्ण दोन मिनिटं पंप बंद होता, होरायझन कलत होता, तरी हिने एकटीने..."

मी थांबलो. पण उशीर झाला होता.

"दहा पन्नासला?" ताईने विचारलं.

मी हँगरच्या दाराकडे बघितलं.

"मला बावन्नला कळलं, बारक्या. तुला पन्नासला कसं माहीत?"

"मी... मला दिसलं."

"दिसलं, आणि बोलला नाहीस?"

"तुझा चेक गेला असता ताई. ते म्हणाले होते ना, एक शब्द जरी..."

फूटपट्टी माझ्याकडे बघत राहिला. मग तो फाइल काखेत मारून कचेरीकडे चालायला लागला. ताईही गेली. मी विमानाजवळ उभा राहिलो.

शुक्रवारी सकाळी आठला तिने चेक दिला, आणि ती पास झाली, हे इथेच सांगून टाकतो. मी तो पाहिला नाही. फूटपट्टीकडून कळलं ते एवढंच, की जेमतेम पास झाली. दोनदा उंची सरकली, एकदा वळण लांबलं. तोंडाने बोलत होती म्हणे, पण भीतभीत, कुजबुजल्यासारखी. म्हणजे गुरुवारच्या त्या उडण्याने तिची भीती बरी वगैरे झाली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा चेक आहे, पुन्हा तेच होणार आहे, आणि आदल्या दिवशीचं ते अफाट उतरणं कुठल्याही कागदावर तिच्या नावावर नाही. याचा मला अजूनही संताप येतो.

पण मला सांगायचंय ते गुरुवारच्या संध्याकाळचं.

बिघाड झाला की आम्हाला विमानाच्या वहीत लिहावं लागतं: काय बिघडलं, किती वाजता लक्षात आलं, कोणाच्या लक्षात आलं. मी नवा पंप बसवला, हात पुसले आणि वही उघडली. वेळेच्या रकान्यात १०:५२ लिहिलं. पुढच्या रकान्यात लिहिलं, वैमानिक. खोटं असं त्यात काही नव्हतं, तिला बावन्नलाच कळलं होतं. शिवाय पन्नास लिहिलं तर चौकशी होणार, मी सही केलेला पंप, मी पाहिलेला काटा आणि माझं गप्प बसणं, तिन्ही गोष्टी बाहेर येणार. मला दुरुस्तीवर सही करायचा अधिकार आहे तो काही महिने तरी जाणार.

ताई कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने खांद्यावरून वहीत बघितलं.

"हे खरं आहे?"

"तुला बावन्नलाच..."

"पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं, असं विचारलंय तिथे."

मी पेन धरून बसलो. हँगरमध्ये कोणी नव्हतं. ती माझ्या शेजारी उभी होती, माझ्या हातातल्या पेनाकडे बघत. ती बघत असताना मला साधा एक आकडा लिहिता येत नव्हता. मी बावन्न खोडलं. पन्नास लिहिलं. वैमानिक खोडून तिथे माझं पद लिहिलं आणि खाली सही केली. सही वाकडी आली.

तिने वही आपल्याकडे ओढली, सगळं सावकाश वाचलं आणि खाली तिची सही केली. मला वाटलं आता ती शिव्या देईल. मी तयार होतो, मला त्या हव्याच होत्या.

"तुझ्या ओरडण्याचं मला कधी काही वाटलं नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, मला भीती वाटते आणि तुला राग येतो. तुलाही भीतीच वाटत होती रे."

"ताई, मी..."

"आणि मी तुला मागे बसवलं, तू मागे असलास की बरं वाटतं म्हणून."

तिने वही मिटून फळीवर ठेवली, जॅकेट घातलं आणि दाराकडे गेली. दारात थांबून, मागे न वळता म्हणाली, "उद्या मागची सीट काढून टाक."

मी पाना घेतला आणि सीटचे चारही बोल्ट काढले.